पंधरावं नाव

मी त्यांना मनातल्या मनात 'बाई' म्हणायचो. मिरजेच्या शाळेत शिक्षिकांना आम्ही बाईच म्हणत असू, आणि अमेरिकेत मला पुन्हा एकदा बाकावर बसवून शिकवलं ते त्यांनीच. तोंडावर मात्र तिथल्या रिवाजाप्रमाणे नावानं हाक मारावी लागे. साठीच्या घरातल्या बाईला नुसतं नावानं बोलवताना पहिले काही महिने माझी जीभ अडखळायची. त्या मला 'बेबी' म्हणत. अमेरिकेच्या दक्षिणेत वाढलेल्या कृष्णवर्णीय घरांतल्या वडीलधाऱ्या बायका धाकट्यांना तशी हाक मारतात. आपलं 'बाळा' तेच.

2012 च्या सप्टेंबरात मी एनबीएमधल्या एका बास्केटबॉल संघाच्या कार्यालयात रुजू झालो. संघाचं नाव लिहीत नाही, तसं कागदावर कबूल केलेलं आहे. खेळाडूंचं पगारपत्रक आणि सॅलरी कॅपचा हिशोब हे माझं काम. संख्याशास्त्राची पदवी हातात होती आणि हिशोब तर रक्तातच होता. वडील गावच्या विकास सोसायटीचे सचिव, त्यामुळे कीर्द-खतावणीच्या लाल वह्या उशाशी घेऊनच मी मोठा झालो. आपल्याला यात नवीन काय शिकायचंय, अशा समजुतीत मी त्या कार्यालयात पाऊल टाकलं.

कॅप म्हणजे संघानं खेळाडूंच्या पगारावर वर्षाला किती खर्च करायचा याची लीगनं घातलेली मर्यादा. मोठ्या शहरातल्या श्रीमंत मालकानं सगळे चांगले खेळाडू एकट्यानंच गोळा करू नयेत, म्हणून ही कुंपणं. 1984-85 च्या हंगामात ती आजच्या रूपात लागू झाली तेव्हा आकडा होता 36 लाख डॉलर. 2025-26 साठी तो 15 कोटी 46 लाखांवर गेला आहे. बाई त्या पहिल्याच वर्षी टंकलेखिका म्हणून लागल्या होत्या. पहिलं पगारपत्रक त्यांनी टाइपरायटरवर केलं, कार्बन घालून, तीन प्रतींत.

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं संगणकावरचा तक्ता दाखवायला गेलो. त्यांनी तो छापून आणायला सांगितला. कागद टेबलावर पसरला आणि लाकडी पट्टी अगदी तळाच्या ओळीखाली लावली.

"इथून वाच."

मी म्हणालो, "हा पंधरावा. याचा पगार सगळ्यांत कमी आहे."

"म्हणूनच. वरच्या माणसाच्या हिशोबात चूक झाली तर त्याचा एजंट, वकील, हिशोबनीस, सगळे दहा मिनिटांत फोन करतील. याच्या हिशोबात चूक झाली तर फोन येणार नाही. ती तुलाच सापडायला हवी."

संघात पूर्ण करारावरचे खेळाडू जास्तीत जास्त पंधरा. मैदानात एका वेळी पाच उतरतात, आलटूनपालटून नऊ-दहा खेळतात. उरलेले बाकावर टाळ्या वाजवतात आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी सरावाला येतात. त्यांच्या खाली दहा-दहा दिवसांच्या करारावर येणारे. 2015 च्या एप्रिलमध्ये सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएत खेळला तो सॅक्रॅमेंटोकडून, असाच दहा दिवसांच्या करारावर. त्या संघाचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. मी ती बातमी अभिमानानं बाईंना दाखवायला नेली. त्यांनी वाचली, मनापासून आनंद व्यक्त केला आणि लगेच विचारलं, "याच्या नावावर सेवेचं एक वर्ष लागलं, हे त्याला कुणी सांगितलं असेल ना?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, हे मला तोवर कळलेलं होतं. ते कळलं 2013 च्या ऑक्टोबरात.

बाईंच्या पाठीमागच्या भिंतीवर वर्षाचं एक मोठं कॅलेंडर असे, आणि टेबलावर बारा रंगीत पेन्सिलींचा डबा. अमेरिकेत खेळाडू ज्या राज्यात खेळतो त्या राज्याचाही प्राप्तिकर त्याला भरावा लागतो, तिथं घालवलेल्या कामाच्या दिवसांच्या हिशोबानं. कॅलिफोर्नियाचे दिवस त्या लाल रंगवत, न्यूयॉर्कचे निळे. टेक्सास आणि फ्लॉरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, ते चौकोन कोरे. सॉफ्टवेअर हे सगळं क्षणात करायचं. तरी त्या रंगवत आणि महिनाअखेरीला चौकोन मोजून सॉफ्टवेअरशी ताडून पाहत. एकदा विमान बर्फामुळे उशिरा सुटलं आणि संघ रात्रभर दुसऱ्या राज्यात अडकला. तो एक दिवस सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, कॅलेंडरवर होता.

त्याच टेबलाशी मी बर्डचा नियम शिकलो. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावानं तो ओळखला जातो. कॅप ओलांडलेली असली तरी स्वतःचा खेळाडू राखायला संघ ती आणखी ओलांडू शकतो, मात्र तो खेळाडू सलग तीन हंगाम स्वतःहून संघ न बदलता राहिलेला हवा. दोन वर्षं झाली असतील तर हक्क अर्धामुर्धा, एकच वर्ष असेल तर अगदी थोडा. संघानं त्याला दुसऱ्या संघाकडे देवाणघेवाणीत पाठवलं तर साठलेली वर्षं त्याच्याबरोबर जातात. तो मोकळा होऊन स्वतः दुसरीकडे गेला, तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

मी नियम पाठ केला होता. बाईंनी त्याचा अर्थ सांगितला. "बाहेरच्या माणसाला आणायचं तर पैसा लागतो. घरच्या माणसाला ठेवायचं तर वर्षं लागतात. या सगळ्या पोथीत सोबतीला किंमत देणारा हा एकच नियम आहे." मला आपला ऋणानुबंध हा शब्द आठवला. तो त्यांना इंग्रजीत समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. त्यांनी तो एका चिठ्ठीवर रोमन लिपीत उतरवून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला.

त्या नियमाची ताकद पुढे सगळ्यांनी पाहिली. 2023 चं अजिंक्यपद डेन्व्हरनं जिंकलं. ब्रूस ब्राऊन त्या संघाचा लाडका राखीव खेळाडू. पण संघात त्याचं एकच वर्ष झालेलं. त्यामुळे डेन्व्हर त्याला जुन्या पगाराच्या 120 टक्के, म्हणजे साधारण 78 लाख एवढंच देऊ शकत होतं. इंडियानानं दोन वर्षांसाठी 4 कोटी 50 लाखांचा करार पुढे केला. मैत्री होती, मिरवणूक झाली होती, पण वर्षं कमी पडली.

आता तो ऑक्टोबर. सरावशिबिराला वीस खेळाडू होते, हंगाम सुरू होण्याआधी पंधरापर्यंत यायचं होतं. हंगाम मंगळवारी, 29 ऑक्टोबरला सुरू होणार. हमी नसलेल्या करारावरच्या खेळाडूला शनिवारी पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानं संध्याकाळी पाचच्या आत मोकळं केलं, तर दोन दिवसांची मुदत सोमवारी संपते आणि त्याचा एक पैसाही हंगामाच्या हिशोबात येत नाही. आमच्या घड्याळात ते चार वाजता. मी पाच नावांची यादी तयार केली, वर सहावं जोडलं. चौदा खेळाडू ठेवून एक जागा मोकळी राखावी, पुढे उपयोगी पडेल, असा माझा सल्ला. टाचण नीट बांधून दुपारी दोन वाजता बाईंपुढे ठेवलं.

त्यांनी नेहमीप्रमाणे पट्टी तळाशी लावली. सहाव्या नावावर बोट ठेवलं. "याची सेवेची वर्षं किती?"

"दोन."

"आणि पेन्शन किती वर्षांनी लागू होतं?"

मी गप्प. मला ते ठाऊकच नव्हतं. कॅपच्या तक्त्यात पेन्शनचा रकाना नसतो.

"तीन," त्या म्हणाल्या. "आणि हंगाम सुरू झाल्यावर एक दिवस जरी माणूस यादीत असला तरी ते पूर्ण वर्ष धरतात. एक दिवस, बाळा."

मग त्यांनी कागदाच्या समासात हिशोब मांडला. दोन वर्षं झालेल्या खेळाडूचा त्या हंगामातला किमान पगार 8 लाख 84 हजार 293 डॉलर. हंगामाचे दिवस 170. दिवसाला साधारण 5 हजार 202. मंगळवारी यादीत ठेवून बुधवारी मोकळं केलं आणि मुदतीचे दिवस धरले, तरी वीस-एकवीस हजार. त्या वर्षीची कॅप होती 5 कोटी 86 लाख 79 हजार, आणि ज्या रकमेच्या वर संघाला लीगकडे दंडासारखा कर भरावा लागतो, त्या करमर्यादेच्या आम्ही बऱ्याच खाली होतो. "तुला जागा हवी ना? ती शुक्रवारीही मोकळीच असेल. शनिवारी मोकळी करून तू काय मिळवतोस?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण उत्तर नव्हतंच. मी जागा मोजली होती, खर्च मोजला होता, माणसाचं आयुष्य मोजलं नव्हतं. नियम मला बाईंपेक्षा जास्त पाठ होते. त्या नियमांतून कुणाला काय मिळू शकतं, हे मी शोधलंच नव्हतं.

त्या कागद घेऊन उठल्या. निर्णय त्यांच्या हातात नव्हता. तो सरव्यवस्थापकांचा. जिना चढताना त्यांचे गुडघे दुखत, तरी लिफ्टची वाट न बघता गेल्या. पावणेतीनला परत आल्या, सहाव्या नावावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "पाच पाठव."

मंगळवारी तो मुलगा संघाच्या यादीत राहिला. एक मिनिटही खेळला नाही. गुरुवारी सकाळी सामान घ्यायला आला तेव्हा बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, पेन्शनचा अर्ज समोर ठेवला आणि कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. तो मान खाली घालून सही करत होता. उठताना त्यानं वाकून बाईंना मिठी मारली. सहा फूट नऊ इंचांचा माणूस आणि जेमतेम पाच फुटांच्या बाई. मी फाइलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो.

तीन वर्षांनी, 2016 च्या जुलैत, खेळाडूंच्या संघटनेनं निवृत्त खेळाडूंना आरोग्य विमा द्यायचं ठरवलं. अट होती किमान तीन वर्षांच्या सेवेची. बाईंनी ती बातमी छापून माझ्या टेबलावर ठेवली. वर काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून मिळाली. करार संपलेला खेळाडू गेला तरी त्याचं नाव संघाच्या खात्यावर राहतं, ठरावीक रकमेनिशी, जागा अडवून. तो दुसरीकडे सही करेपर्यंत, किंवा संघ त्याच्यावरचा हक्क लेखी सोडेपर्यंत. मराठीत आपण हक्कावर पाणी सोडणं म्हणतो, तेच हे. नवा खेळाडू आणायला जागा हवी असली की जुलैच्या पहिल्या आठवड्यात ही पाणी सोडण्याची पत्रं जातात. बाईंचा दंडक असा, की पत्र लीगकडे जाण्याआधी संघातल्या कुणीतरी त्या खेळाडूला फोन केलेला असला पाहिजे. "तीन वर्षं आपल्या पगारपत्रकावर असलेल्या माणसाला हे टीव्हीवरून कळू नये." फोन झाल्याची खूण त्या स्वतः करत. खूण नसेल तर पत्र टेबलावरच पडून राही, मग कितीही मोठ्या माणसाचा निरोप येवो.

आता माझ्या स्वतःच्या ऋणाकडे येतो.

2017 च्या वसंतात कार्यालयात खर्चकपात निघाली. खेळाडूंच्या पगाराला वर जशी मर्यादा तशी खालीही एक आहे. कॅपच्या 90 टक्के रक्कम संघाला त्यांच्यावर खर्चावीच लागते. कार्यालयातल्या माणसांना असा आधार नाही. आमच्या विभागातली दीड जागा राहणार आणि अर्धी जाणार, असं ठरलं. विभागात माणसं दोन, बाई आणि मी. मी व्हिसावर होतो. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची नाही तर देश सोडायचा. अर्ध्या वेळच्या नोकरीवर माझा व्हिसा टिकण्यासारखा नव्हता. घरी आठ महिन्यांची मुलगी होती, आणि मिरजेला वडिलांचं डायलिसिस सुरू झालेलं. त्याचे पैसे माझ्याकडून जात. तेहतीस वर्षं नोकरी झालेल्या बाईंना कोण हात लावणार? मी घरी सांगून टाकलं, सामान आवरायला लाग.

आठवडा गेला, मला बोलावणं आलं नाही. दुसरा गेला. महिन्याच्या पंधरा तारखेला कार्यालयाचं पगारपत्रक तपासणीला माझ्यापुढे आलं. सवयीनं पट्टी तळाशी लावली. शेवटून दुसऱ्या ओळीत बाईंचं नाव होतं, आणि पुढे तास अर्धे झालेले होते.

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. तोंडातून शब्द फुटेना. त्या कॅलेंडर रंगवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डंकननं काय केलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. सॅन अँटोनिओच्या टिम डंकनचा पगार 2011-12 मध्ये 2 कोटी 10 लाखांच्या पुढे होता. पुढच्या करारात त्यानं तीन वर्षांसाठी 3 कोटी घेतले, म्हणजे वर्षाला निम्म्याहून कमी, म्हणून त्याच्याभोवती चांगले खेळाडू उभे राहू शकले आणि 2014 ला तो संघ जिंकला. त्या कराराचा धडा बाईंनीच मला पहिल्या वर्षी दिला होता. पण डंकनकडे त्याआधीची पंधरा वर्षांची कमाई होती. बाईंकडे दोन खोल्यांचं घर होतं आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया लांबणीवर पडलेली होती. मी तसं बोललोही.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझी तीन वर्षं कधीच भरलीत, बाळा. तुझी भरायची आहेत."

एवढंच. पुढे त्या विषयावर त्यांनी मला बोलू दिलं नाही.

त्या 2018 ला निवृत्त झाल्या. माझे वडील त्याच वर्षी गेले. शेवटपर्यंत त्यांचं डायलिसिस एकदाही चुकलं नाही, ते कुणामुळे हे त्यांना मी सांगितलं होतं. इंग्रजीचा गंध नसलेल्या माझ्या आईनं बाईंसाठी इरकली साडी पाठवली. ती त्यांनी शालीसारखी पांघरून फोटो काढला आणि तो आईला पाठवायला लावला. तो मिरजेच्या घरात वडिलांच्या तसबिरीखाली ठेवलेला आहे. 2022 च्या हिवाळ्यात बाई गेल्या. मी अंत्यविधीला गेलो होतो. चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत डोक्यानं सगळ्यांच्या वर दिसणारा एक माणूस बसला होता. मी त्याला ओळखलं. आम्ही बोललो नाही, फक्त हात हातात घेतला.

त्यानंतर नियम बदलले. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2023 च्या करारानं करमर्यादेच्या आणि आधीच्या ॲप्रनच्याही वर दुसरा ॲप्रन नावाची रेषा आणली. 2025-26 साठी ती 20 कोटी 78 लाखांवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही, देवाणघेवाणीत रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची, नवोदित खेळाडूंच्या पहिल्या फेरीतली निवड गोठते, म्हणजे ती दुसऱ्या संघाला देता येत नाही. 2024 चं अजिंक्यपद जिंकलेल्या बोस्टनला पुढच्याच उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे आणि क्रिस्ताप्स पोर्झिंगिस यांना निरोप द्यावा लागला, तो या रेषेखाली येण्यासाठी. त्याच्या वर्षभर आधी न्यूयॉर्कच्या जेलेन ब्रन्सननं आणखी एक वर्ष थांबून मिळाले असते त्याहून 11 कोटी 30 लाखांनी कमी रकमेवर सही केली, संघाला जागा राहावी म्हणून. ही बातमी वाचताना माझा हात फोनकडे गेला होता. सांगायला बाई नव्हत्या.

आज मी दुसऱ्या संघात हेच काम करतो. माझ्या तक्त्यात कॅप, कर, दोन्ही ॲप्रन यांच्या रकान्यांशेजारी एक जास्तीचा रकाना आहे, सेवेच्या वर्षांचा. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मी तो सगळ्यांत आधी पाहतो. दरवेळी सरव्यवस्थापक ऐकतातच असं नाही. पण सेवेची वर्षं लिहिल्याशिवाय माझ्या टेबलावरून यादी वर जात नाही. पेन्सिलींचा डबा बाईंच्या मुलीनं मला दिला. लाल पेन्सिल बोटभर उरली आहे, ती मी वापरत नाही. बाकीच्या वापरतो.

बाईंचे पैसे मला परत करता आले असते, ते त्यांनी घेतले नसते. त्यांचं ऋण तसंच आहे आणि ते असू द्यावं असंच मला वाटतं. बास्केटबॉलशी तुमचा संबंध नसेल. पण साखर कारखान्याचं असो, शाळेचं असो, दुकानातल्या चार माणसांचं असो, पगारपत्रक तुमच्या हातात येत असेल तर एक विनंती आहे. सही करण्याआधी ते एकदा खालून वर वाचा.